खांड बुजवायला गेलेली माणसे

त्या दिवशी आमच्या गावात मोर्चा निघाला नव्हता. हे वाक्य मी गेली तीन वर्षे जिथे संधी मिळेल तिथे उच्चारत आलो आहे, आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो: म्हाताऱ्याला आठवत नाही. मला आठवते. माझ्या एका कानाने काम सोडले आहे, स्मरणाने नाही. आणि जे लोक त्या दिवशी तिथे हजर नव्हते, त्यांच्याकडून त्या दिवसाची हकीकत शिकण्याइतका मी अजून लाचार झालेलो नाही.

पोलिसांच्या कागदात लिहिले आहे की, मनाई आदेश लागू असताना बेकायदा जमाव घातक हत्यारांसह सरकारी मोजणी उधळण्यासाठी चालून आला. अलिबागहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाने 'भूमिपुत्रांचा एल्गार' असा मथळा दिला. आमच्या भागातले एक पुढारी त्या दिवशी मुंबईत होते. तरी त्या लढ्याची आखणी आपल्या ओटीवर झाली असे ते प्रत्येक सभेत सांगतात. या तिघांचे एकमेकांशी पटत नाही, पण एका बाबतीत तिघांचे एकमत आहे. तिघांनाही मोर्चा हवा आहे. पोलिसांना तो मोडल्याचे सांगायचे आहे, साप्ताहिकाला छापायचा आहे आणि पुढाऱ्यांना मिरवायचा आहे. आम्ही मात्र खांड बुजवायला गेलो होतो.

ज्यांनी आमचा किनारा फक्त किहीमच्या नारळीखाली खुर्ची टाकून पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमची भातशेती समुद्राच्या पातळीला आहे. काही ठिकाणी खालीच आहे. खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून आमच्या पूर्वजांनी मातीचा एक लांब बांध घातला. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. या बाहेरकाठ्याला उधाणात भोक पडले की त्याला खांड म्हणतात, आणि खांड पहिल्या भरतीत बुजवली नाही तर दुसऱ्या भरतीत ती बुजत नाही. खारे पाणी एकदा शेतात शिरले की दोन-तीन पावसाळे भात होत नाही. म्हणून आमच्याकडे एक शिस्त आहे. खांड पडली की देवळाची घंटा वाजते, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा होतो, आणि घरटी एक माणूस फावडे, घमेले, कोयता, जे हाताला लागेल ते घेऊन बांधावर जातो. त्याला कोणी बोलावत नाही, कोणी आभार मानत नाही. ज्या घरातून माणूस आला नाही, त्या घराने पुढच्या खेपेला दोन माणसे द्यायची.

या कामाची हजेरी घेणारी वही माझ्याकडे असे. प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षे हजेरी घेतलेल्या माणसाकडे ती आपोआपच आली. वहीत माणसाचे नाव नसते, घराचे असते; आणि घराचे नाव म्हणजे त्या घरातला जो कर्ता पुरुष वही सुरू झाली तेव्हा होता, त्याचे. तो मेला तरी नाव बदलत नाही. घर आहे तोवर नाव आहे. मुलगा येवो, नातू येवो, जावई येवो, खूण आजोबांच्याच नावापुढे. गेल्या चाळीस वर्षांत याची कोणाला अडचण वाटली नव्हती.

आता मनाई आदेशाविषयी. पूर्वी असा आदेश निघाला की काहीतरी घडले असावे असे आम्ही समजत असू. अलीकडे तो पंचायतीच्या भिंतीवर पंधरा दिवसांनी नव्याने चिकटतो, जुन्यावर नवा, कॅलेंडरचे पान असावे तसा. पाच माणसांनी एकत्र येऊ नये, काठी बाळगू नये, घोषणा देऊ नये. बाहेरकाठ्याची डागडुजी व्हावी म्हणून आम्ही अलिबागला धरणे धरायचे ठरवले, तेव्हा मीच अर्ज लिहिला होता. उत्तर आले की आंदोलनासाठी जागा नेमून दिलेली आहे. मी ती पाहून आलो. पत्र्याचे कुंपण घातलेला एक तुकडा. तिथून कार्यालयाची इमारत दिसत नाही आणि इमारतीतून तो तुकडा दिसत नाही. अटी तेवीस होत्या. झेंड्याला काठी नको, ही त्यांतली एक. मी विचारले, "मग झेंडा हातात कसा धरायचा?" समोरचा कारकून सज्जन होता. तो म्हणाला, "गुरुजी, अंगाभोवती गुंडाळा." आम्ही धरणे धरले नाही. डागडुजीही झाली नाही. जी खांड पुढे पडली ती तिथेच पडली, हे मी कोणावरही आरोप म्हणून सांगत नाही. क्रम सांगतो आहे.

सर्वपित्री अमावास्या होती. भाताला लोंब्या धरल्या होत्या. घरोघरी पितरांची पाने वाढायची तयारी चालली होती. सकाळी नऊच्या सुमारास खांड पडल्याची ओरड आली. उधाणाची भरती दुपारी बाराला भरणार होती. म्हणजे हातात तीन तास होते. घंटा वाजली. भोंग्यावरून पुकारा झाला: "बाहेरकाठा फुटला, घरटी एक माणूस चला." हेच शब्द पुढे गुन्ह्याच्या कागदात 'ध्वनिक्षेपकावरून जमावास चिथावणी' म्हणून आले. माणसे चुलीवरची खीर उतरवून धावली.

आम्हाला हे ठाऊक नव्हते की त्याच सकाळी बाहेरकाठ्याच्या पलीकडच्या टोकाला एका कंपनीच्या जेटीसाठी मोजणी व्हायची होती आणि तिच्या बंदोबस्ताला मुंबईच्या बाजूने खास तुकडी आणलेली होती. त्या तुकडीला आमची शिस्त ठाऊक नव्हती. तिला दिसले ते इतकेच की आमची वाडी आणि शेजारचा मोहल्ला, दोन्हींकडून माणसे फावडी आणि कोयते घेऊन पळत येत आहेत.

मी पूर्वीचे पोलीसही पाहिलेले आहेत. जमीन संपादनाच्या वेळी मी चार वेळा अटक करवून घेतली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. तेव्हाचा हवालदार सायकलवरून येई आणि आधी विचारी, "आज किती जण अटकेला? म्हणजे एसट्या तेवढ्या मागवतो." आम्ही यादी करून देत असू. नाव लपवणे हा भ्याडपणा समजला जाई. माणूस वडिलांच्या नावासह स्वतःचे नाव मोठ्याने सांगे. संध्याकाळपर्यंत शाळेच्या हॉलमध्ये बसवून सोडून देत. लाठ्या तेव्हाही पडत, हे मी विसरलेलो नाही. पण लाठी मारणाऱ्याचा चेहरा दिसत असे, आणि दुसऱ्या आठवड्यात तो बाजारात भेटला की एकमेकांकडे पाहायचे की नाही, हा प्रश्न दोघांनाही पडत असे.

या तुकडीचे चेहरे दिसत नव्हते. काचेची टोपी, छातीवर जाड जाकीट, गुडघ्यांना आणि कोपरांना काळी कवचे, पुढे ढालींची रांग. जाळी लावलेली एक अवजड गाडी बांधावर चढवली होती. तिच्या वजनाने ओला बांध खचतो आहे हे आम्ही ओरडून सांगत होतो. डोक्यावर त्यांचे ड्रोन नावाचे उडते यंत्र भुंग्यासारखे घोंगावत होते. आमच्या चिखलात या सगळ्या पोशाखाचा काय उपयोग? एका शिपायाचा पाय बुटासकट मांडीपर्यंत रुतला. ढाल बाजूला पडली आणि तो घाबरून हातवारे करू लागला. आमच्यातल्या तिघांनी त्याला काखेत धरून उपसून काढला. बूट आतच राहिला. त्यांतला एक म्हणालाही, "साहेब, बूट आता भरतीनंतर. तोवर आमच्यासारखे चाला." या प्रसंगाची नोंद 'कर्मचाऱ्याशी झटापट करून सरकारी साहित्याचे नुकसान' अशी आहे. त्या तिघांवर वेगळे कलम आहे.

आता मी त्या गोष्टीपाशी येतो जिच्याविषयी गावाची माझ्याबाबत चूक होते, आणि तीही प्रेमापोटी. गाव म्हणते की तुकडीच्या अधिकाऱ्याने माझ्या हातातली वही हिसकावून घेतली. तसे झाले नाही. अधिकारी तरुण होता, घाटावरचा असावा, बोलायला सभ्य. त्याने विचारले, "हे लोक कोण आणि कशासाठी जमलेत?" मी वही उघडून त्याच्यापुढे धरली. म्हणालो, "ही पाहा हजेरी. हल्ला करायला आलेला जमाव हजेरी देत नसतो." त्याने पाने उलटली. आजच्या तारखेखाली बासष्ट घरांपुढे खुणा होत्या. तो म्हणाला, "ही मी ठेवून घेऊ?" मी म्हणालो, "खुशाल ठेवा. आमच्यात लपवण्यासारखे काही नाही."

हे मी केले. माझ्या हाताने. यादी दिली की माणसाचा खरेपणा सिद्ध होतो आणि संध्याकाळी घरी जाता येते, हे मी ज्या काळात शिकलो तो काळ संपला होता, आणि तो संपल्याचे मला कोणी कळवले नव्हते.

वही घेतल्यावर त्याने पाच मिनिटांत पांगण्याचा हुकूम दिला. आम्ही पांगलो नाही, कारण खांड तोवर बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली होती आणि पेंढ्याचा पहिला थर नुकताच बसला होता. मग लाठ्या झाल्या, अश्रुधुराची दोन नळकांडी फुटली. वारा समुद्रावरून होता. सगळा धूर गावावर गेला. बाराला भरती आली आणि उरलेले काम तिने केले.

आठ दिवसांनी पोलीस यादी घेऊन गावात आले. यादी माझ्या वहीवरून उतरलेली होती. पहिल्याच घरी शिपायाने एका माणसाचे नाव पुकारले. त्याची विधवा सून बाहेर आली.

"कवा येतील?" शिपायाने विचारले.

"त्यास्नी जाऊन बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "अवसेला पान वाढला होता, तवा आलं असतील तं आलं असतील. तुमाला गावलं तं आमच्याकडंबी पाठवा."

बासष्टांपैकी चौदा आरोपी मयत निघाले. गाव आठवडाभर हसले. मीही हसलो, आणि ते हसणे अंगाशी आले. कारण त्यानंतर मला ठाण्यावर बोलावणे आले, आणि समोर माझीच वही ठेवून सांगण्यात आले की प्रत्येक घरातून नेमका कोण आला होता ते तुम्ही लिहून द्यायचे. मी नकार दिला. ठाण्यावरचा अधिकारी पन्नाशीचा होता, थकलेला, आमच्याच तालुक्यातला. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही नाही लिहिलंत तर आम्ही त्या उडत्या यंत्राच्या चित्रावरून लिहू. मग जो त्यात दिसला तो. त्यात चुका होतील. त्यापेक्षा तुम्ही खरं लिहा." मी वेळ मागून घेतला. घरोघर जाऊन सांगितले की ज्याने त्याने स्वतः ठरवावे. बहुतेक घरांतले आलेले लोक आपणहून ठाण्यावर जाऊन उभे राहिले. हे मात्र कोणत्याही साप्ताहिकाने छापले नाही.

एक घर उरले. ते माझ्या सगळ्यात जुन्या मित्राचे.

त्याला सारा किनारा नाखवा म्हणे. बापजाद्यांची गलबते होती. त्याने स्वतः तरुणपणी वाळू आणि कौले वाहणारा मचवा चालवला होता. पुढे दोन्ही गुडघे गेले आणि तो मोहल्ल्यातल्या घराच्या ओट्यावरून जग चालवू लागला. माझ्याशी तो रोज भांडे. मीही. त्याच्या घरचे नाव वहीत त्याचेच होते, आणि त्या दिवशी त्याच्या घरातून बांधावर आला होता तो त्याचा मुलगा. हा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला; सुटीवर आलेला. आखाती देशातल्या एका कंपनीकडून त्याला नवे बोलावणे आले होते आणि फक्त पोलीस पडताळणीचा दाखला बाकी होता. गुन्ह्यात नाव लागले की तो दाखला मिळणार नव्हता. त्या घरात कमावणारा तो एकटा. बायको, दोन मुली, आणि नाखवा.

मी ठाण्यावर बसलो असताना रिक्षा थांबली आणि दोघांच्या आधाराने नाखवा आत आला. खुर्चीत बसल्यावर त्याने आधी श्वास सावरला.

"साहेब, यादीत माजा नाव हाय. मीच गेलो होतो."

अधिकाऱ्याने त्याच्या पायांकडे पाहिले. "चाचा, तुम्ही बाहेरकाठ्यावर चढलात?"

"मंग काय उडत गेलो? उडणारा तं तुमचा होता."

"आणि केलंत काय तिथे?"

"घमेलां दिली. शिव्या दिल्या. या मास्तरनं सांगितला तसा सगळा केला. ह्यो मास्तर दुसऱ्याला काय सुखानं उभा राहू देतो काय?"

तिथले शिपाई हसले. अधिकारी हसला नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खोटं बोलत नाही असं सगळा तालुका सांगतो. मीही तुमच्या हाताखाली दुसरी-तिसरी शिकलोय. हे आले होते?"

नाखव्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होता. त्याने विनवले असते, डोळ्याने खूण केली असती, तर कदाचित मी रागावून नाही म्हणालो असतो. माझा स्वभाव तसा आहे. त्याने काहीच केले नाही. आयुष्यभर माझ्याशी भांडलेल्या माणसाने त्या एका क्षणी मला मोकळे सोडले.

"आले होते," मी म्हणालो. आणि तसे माझ्या अक्षरात लिहून खाली सही केली.

दहा-बारा दिवसांत मुलाचा दाखला झाला आणि तो निघून गेला. नाखव्याच्या तारखा सुरू झाल्या. दर तारखेला अलिबाग. मी त्याच्याबरोबर जाई, कारण मीही आरोपी होतो, यादीत पहिला. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला वकिलांचे दोन कारकून उचलून नेत. तो म्हणे, "बघ मास्तर, निकाहच्या दिवशी पन मला कोणी उचलला नव्हता." बहुतेक वेळा पुढची तारीख मिळे. मुलाचा फोन आला की तो एवढेच सांगे, "अलिबागला जाऊन आलो, हवा बरी होती." बापाने त्याला बोलायची वाटच ठेवली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात नाखवा गेला. छातीचा जुना आजार. कोर्टात कागद गेला आणि त्याच्या नावापुरता खटला मिटला.

त्यानंतर शोकसभा झाली. तीही आमच्या शाळेच्या वर्गात, कारण उघड्यावर पाच माणसे एकत्र बसायला परवानगी नव्हती. पुढारी आले. त्यांनी सांगितले की ऐंशीच्या घरातल्या या वीराने ढालींच्या रांगेपुढे छाती उघडी केली आणि 'आधी माझ्यावरून जा' असे गरजून सांगितले. टाळ्या पडल्या. बाहेरकाठ्यावर त्याच्या छायाचित्राचा मोठा फलक लागेल अशी घोषणा झाली. मी पहिल्या बाकावर होतो. आयुष्यात इतके खोटे ऐकून मी इतका गप्प कधी बसलो नव्हतो, आणि माझे गप्प बसणे हे दुःख आहे असे सर्वांनी धरले.

मुलगा सभेला होता. बापासाठी रजा काढून आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या घरी आला.

"चाचा, मी कोर्टात अर्ज देतोय. त्या दिवशी बांधावर मी होतो, अब्बा नव्हते."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. सार एवढेच की तुझ्या बापाने जे गुडघ्यांवर ओढत नेले ते तू एका अर्जात बुडवणार. आता तो सुटला, तू सुटलास, कोणी विचारत नाही. मुली शाळेत जातात त्यांचा विचार कर. शेवटी म्हणालो, "मी याला परवानगी देणार नाही."

"परवानगी मागायला आलो न्हाय, चाचा. तुमच्या लेखी कागदावर त्याचा परिणाम होईल, म्हणून आधी सांगायला आलो." मग तो म्हणाला, "पोलीस म्हणतात अब्बा हत्यार घेऊन आले. पुढारी म्हणतात छाती काढून उभे राहिले. आता त्यांचा फोटो बांधावर लावणार. माझ्या पोरी तो फोटो बघत मोठ्या होणार. मी जहाजावर तीन वर्षं काढली चाचा, एका दिवशी पण झोपताना वाटलं न्हाय की मी कुठून सुटून आलोय. पळून आलोय असंच वाटलं."

"तुझी नोकरी जाईल."

"जाईल."

वकिलांनी आम्हा दोघांनाही मूर्ख ठरवले. मुलाला म्हणाले, "मेलेला माणूस सुटलेला असतो, जिवंताने त्याच्या जागी जायचे नसते." मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पूर्वी लिहून दिलेले खोटे होते असे सांगाल तर त्याचा वेगळा गुन्हा होतो, कळतंय ना?" कळत होते. पण मुलाने अर्ज दिल्यावर माझा कागद तसाच राहू देणे म्हणजे त्याला खोटा ठरवणे होते. माझ्या अक्षरातला कागद साक्षीला उभा राहून त्या पोराला खोटा पाडणार, हे मला सोसणारे नव्हते. इतकी वर्षे मी सगळ्यांच्या हकीकती खोडत आलो. ही एक माझी होती.

महिन्याभरापूर्वी आम्ही दोघे एसटीने अलिबागला गेलो. मी सांगितले की माझे आधीचे लेखी निवेदन खोटे आहे, ते मी समजून उमजून दिले, आणि मला कोणी भाग पाडले नव्हते. शेवटचे वाक्य गाळावे असे वकिलांनी सुचवले होते. मी गाळले नाही. मुलाचे नाव आता यादीत आले आहे. कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. तो सध्या घरी आहे आणि पुढच्या तारखेची वाट पाहतो आहे, मीही. मोहल्ल्यातले काही लोक म्हणतात की मास्तरने मेल्या मित्राची कुर्बानी मातीत घातली. त्यांच्याशी माझा वाद चालू आहे, पण रात्रंदिवस मनात जो वाद चालतो त्यात ते बहुतेक वेळा जिंकतात.

कोर्टात मला एक प्रश्न विचारला गेला होता: मग मयत इसम त्या दिवशी कोठे होता? मी उत्तर दिले आणि ते टंकलेखकाने दोन शब्दांत उतरवले: 'घरी होते.' हे खोटे नाही. पण अपुरे आहे, आणि अपुऱ्या हकीकतीचाही मला खोट्याइतकाच राग येतो. म्हणून ते पुरे करतो.

धूर गावावर आला तेव्हा नाखवा त्याच्या ओट्यावर होता. घरातल्या बायकांनी आत यायला सांगितले, तो उठला नाही. उठवत नव्हते हेही खरे. त्याने विहिरीचे पाणी मागवून चार बादल्या ओट्यावर ओळीने लावून घेतल्या, स्वतःचे दोन सदरे फाडून त्यांच्या चिंध्या केल्या, आणि बांधावरून जो कोणी डोळे चोळत, रक्त पुसत त्या वाटेने परत आला त्याच्या हातात ओली चिंधी दिली. मोहल्ल्यातल्यांना दिली, आमच्या वाडीतल्यांना दिली. बूट हरवलेला तो शिपाई एका पायाने लंगडत गाडी शोधत आला, त्यालाही दिली. शिपायाने काचेची टोपी काढून तोंड धुतले. वीस-बावीस वर्षांचा होता. नाखवा त्याला म्हणाला, "बाबा, आता ती टोपी घालू नको, धूर आत अडकतो."

मी सगळ्यांत शेवटी पोचलो. वही माझ्या हातात नव्हती, पण ते त्याच्या ध्यानात आले नाही. त्याचे स्वतःचे डोळे लाल होऊन वाहत होते आणि चिंध्या संपल्या होत्या. त्याने मला लागले का, कोणाला धरून नेले का, मुलगा कुठे आहे, यांतले काही विचारले नाही.

"मास्तर, खांड बुजली काय?"

मी मान हलवली. त्याला नीट दिसत नव्हते, म्हणून त्याने पुन्हा विचारले.

"न्हाय," मी म्हणालो. "पाणी आत शिरला."

मग त्याने उरलेल्या बादलीतले पाणी माझ्या ओंजळीत ओतले.